घंटेच्या आधी

४ ऑगस्ट, सोमवार

नाही देणार. भुंग्याला नाही, आणि ठकीला तर नाहीच नाही.

संध्याकाळी काका आले आणि दारातच उभं राहून बोलले. बसा म्हटलं, तर म्हणाले, बसायला आलेलो नाही. शाळेतून त्यांना बोलावणं आलं होतं. मला नाही — त्यांना! आई गेल्यावर शाळेच्या कागदावर पालक म्हणून त्यांचं नाव लागलं. त्या दिवसांत मला कुणी काही विचारलं असतं तरी मी भिंतीकडेच बघत बसले असते. तर भुंग्याच्या वर्गाच्या बाईंनी त्यांना सांगितलं, की हा मुलगा आठवड्यातून दोनदा येतच नाही, आणि येतो तेव्हा उशिरा येतो.

काकांचा बेत तयारच होता. भुंगा त्यांच्या घरी राहणार, शाळा सुटली की त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसणार. ठकी वसतिगृहात. आणि मी?

"तू मोकळी," म्हणाले. "वीस वर्षांची पोर तू. दोन लेकरं ओढायचं वय आहे का तुझं?"

मोकळी! जसं काही मला कुणी खुंटीला बांधलं होतं आणि हे दावं सोडायला आले.

काका वाईट नाहीत. बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली, आईच्या आजारपणातही यायचे. पण एकदा त्यांनी ठरवलं की ठरलं, मग समोरच्याला तोंड आहे हेच ते विसरतात. मी म्हटलं, ही दोघं माझ्यापाशीच राहणार. पुढचं बरंच काही बोलणं झालं, ते लिहीत नाही. शेवटी ते म्हणाले, "सहामाहीपर्यंत थांबतो. त्याआधी शाळेनं मला पुन्हा बोलावलं, तर त्याच संध्याकाळी पोराला घेऊन जाईन. मग रडायचं नाही."

"नाही बोलावणार," मी म्हटलं.

बोलून तर बसले. आता करून दाखवणं आलं.


५ ऑगस्ट, मंगळवार

भुंग्याला शाळेत पोहोचवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं.

वय वर्षं आठ. दिवसभर गुणगुणतो म्हणून भुंगा. दूध पितानाही गुणगुणतो आणि ते दूध मग टेबलावर. सकाळी त्याला तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा उठला, मोजा शोधायला पलंगाखाली शिरला आणि तिथेच परत झोपला! पाय धरून बाहेर ओढला. एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही, तसाच बूट चढवला.

ठकीला उठवावं लागत नाही. ती बारा वर्षांची, आपली आपण उठते, वेणी घालते, डबे भरते, दाराशी दप्तर घेऊन उभी राहते. इतकी गुणी, की घरात ती आहे हेच कधीकधी विसरायला होतं.

घंटा व्हायच्या आधी दोघांना फाटकात ढकललं. मग मी लाँड्रीकडे पळत सुटले. आमची पाळी साडेसातला सुरू होते, शाळेचं फाटकही साडेसातलाच उघडतं. म्हणजे दोन्हीकडे वेळेवर पोहोचायचं तर माझे दोन तुकडे करावे लागतील.

मुकादमबाईनं नुसतं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे.


७ ऑगस्ट, गुरुवार

मधली सुट्टी. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून लिहितेय. ऊब आहे, ब्लीचचा वास आहे, पण निवांत आहे.

इथे हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलच्या चादरी येतात. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरम गरम बाहेर आली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरायचं, ताणायचं, पुढे यायचं, टोकाला टोक. परत मागे, परत पुढे. एकटीनं होत नाही ते. माझी जोडीदारीण उंच बाई. तिला सगळे उंच बाईच म्हणतात, तीही फोनवर तसंच सांगते. मी उशिरा आले की ती रिकामी उभी आणि चादरींचा ढीग वाढत जातो.

आज धीर करून मुकादमबाईकडे गेले. म्हटलं, अर्धा तास उशिरा येऊ द्या, संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबते. मुलांची शाळा आहे.

"तुझी मुलं?"

"भावंडं."

"मशीन भावंडांसाठी थांबत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, महिनाभर बघेन, नंतर तुझ्या जागी दुसरी. तिला तरी काय बोलू? तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं आहेच.

परत आले तर उंच बाई चादरीची दोन टोकं कपाटाच्या दारात अडकवून, दुसरी दोन स्वतः ओढून एकटीच घडी घालून बघत होती. घडी वाकडी झाली. तिनं ती उलगडली, परत घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जमेल चार दिवसांत. तू पोरांचं बघ."


११ ऑगस्ट, सोमवार

भुंग्याचं पोट दुखतंय. कुठे दुखतंय विचारलं तर आधी उजवीकडे, मग डावीकडे. दुखणं फिरतीवर आहे!

शेजारची म्हणाली, राहू दे गं आज घरी, एका दिवसानं काय आकाश कोसळतंय?

मागचं अख्खं वर्ष हेच ऐकलं. एका दिवसानं काय होतंय. आई आजारी आहे, घरात एवढं चाललंय, शाळेचं काय घेऊन बसलात. आईलाही भुंगा डोळ्यांसमोर हवा असायचा. तो पलंगाच्या कडेला बसून गुणगुणायचा आणि तिला झोप लागायची. त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण ते दिवस संपले. आता पोट दुखो नाहीतर डोकं, ताप नसेल तर शाळा.

नेलाच. रस्ताभर रडला. मीही थोडी रडले, पण त्याच्या मागून चालत होते, त्याला दिसलं नाही.


१४ ऑगस्ट, गुरुवार

हे काय नवीन!

आज फाटकापाशी शिपायानं मला थांबवलं. म्हणाला, बाईंनी तुम्हाला बोलावलंय. वर गेले. वर्गाच्या बाई काटकुळ्या आहेत, कोपरापर्यंत खडूची भुकटी, बोलणं एक घाव दोन तुकडे. म्हणाल्या, तुमचा भाऊ रोज पहिला तास संपल्यावर वर्गात येतो.

मी म्हटलं, शक्य नाही. मी स्वतः त्याला घंटेच्या आधी फाटकात सोडते. शिपायाला विचारा.

बाईंनी शिपायाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, हो, सोडतात. वेळेवर सोडतात.

"मग तो जातो कुठे?" बाई म्हणाल्या.

मला कसं माहीत असणार! फाटकाच्या आत तो शाळेचा आहे की माझा? असं मी म्हटलंही. बाईंना आवडलं नाही. म्हणाल्या, हे असंच चाललं तर मला पालकांना पुन्हा बोलवावं लागेल. पालक म्हणजे काका. म्हटलं, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. घोडं कुठे पेंड खातंय ते मी शोधून काढते.

घरी भुंग्याला विचारलं. तो गुणगुणायचा थांबला. बाकी काही नाही. रागावून विचारलं, प्रेमानं विचारलं. मूग गिळून बसला.


१८ ऑगस्ट, सोमवार

ठकीनं शोधलं.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं आमचं बोलणं ऐकलं असणार. आज तिनं स्वतःच्या वर्गात जायच्या आधी भुंग्याच्या मागे जाऊन बघितलं. खेळाच्या सामानाची खोली आहे, तिचं दार नीट लागत नाही. हा आत शिरतो, कसरतीच्या गाद्यांच्या मागे बसतो. पहिला तास संपल्याची घंटा झाली की बाहेर येतो आणि वर्गात जातो. रोज! एवढंसं पोर रोज तास-तासभर अंधारात बसून राहतं.

"गुणगुणत होता म्हणून कळलं," ठकी म्हणाली.

पहिला तास कसला असतो, विचारलं. ठकी म्हणाली, वाचनाचा. बाई एकेकाला उभं करतात आणि धडा मोठ्यानं वाचायला लावतात.

मी उठले. पावाचं पाकीट होतं ओट्यावर, ते भुंग्यापुढे धरलं. वाच.

त्यानं पाकिटाकडे बघितलं आणि झटकन म्हणाला, "ताजा पाव."

पाकिटावर बेकरीचं नाव होतं. ताजा हा शब्दही नव्हता, पाव हाही नव्हता.

मग त्याचं पुस्तक घेतलं. पहिला धडा त्यानं घडाघडा म्हटला. मी बोट दुसऱ्याच ओळीवर ठेवलं तरी तो पहिलीच म्हणत राहिला. पाठ आहे त्याला! ऐकून ऐकून. अक्षरं मात्र निम्मीअधिक ओळखत नाही. ज्या वर्षी सगळा वर्ग वाचायला शिकला, त्या वर्षी हा आईच्या पलंगाच्या कडेला बसला होता.

आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. मी म्हटलंय, काकांनी म्हटलंय, शाळेनं म्हटलंय. आणि तो रोज सकाळी पोट धरून एवढंच सांगत होता, की मला तिथे उभं राहायची लाज वाटते.


१९ ऑगस्ट, मंगळवार

गेले बाईंकडे. भांडायच्या तयारीनंच गेले.

सगळं सांगितलं. म्हटलं, त्याला उभं करू नका. चाळीस मुलांसमोर त्याचं हसं होतंय, म्हणून तो लपतो. पहिल्या तासाला मागच्या बाकावर नुसतं बसू दे.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नाही.

मी उठलेच होते. त्या म्हणाल्या, "बसा. मागच्या बाकावर बसवला तर तो वर्षभर मागच्याच बाकावर बसेल. वाचता येत नाही म्हणून गणितही येत नाही, कारण गणित फळ्यावर लिहिलेलं असतं. एक दिवस बुडला की तो एकटा बुडत नाही, पुढच्या दिवसाला हात धरून नेतो. त्याचं वर्षभराचं बुडलेलं आहे. ते वर काढायचं तर त्याला उशिरा येऊन नाही चालणार, लवकर यावं लागेल."

"लवकर म्हणजे?"

"सातला. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी. मी येते. शिपाई मागचं दार उघडेल."

मला हसावं की रडावं कळेना. घंटेच्या वेळेला ओढून आणताना माझ्या नाकी नऊ येतात आणि ह्या म्हणतात, सातला! मी ते बोललेही. बाई म्हणाल्या, तुमची मर्जी. पण रोज आणलंत तर माझा उपयोग आहे. अधूनमधून आणणार असाल तर मी आपली माझ्या घरी झोपते. आणि हो, वाचायला येईपर्यंत पहिल्या तासाला मी त्याला उभं करणार नाही. पण तो वर्गात हवा. गादीमागे नको.

जिना उतरत होते, रागानं फणफणत. अर्ध्या जिन्यात थांबले. सातला मुलं शाळेत, म्हणजे मी साडेसातच्या आत लाँड्रीत!

अगं बाई, हे आपल्याला कसं सुचलं नाही? पंधरा दिवस सगळ्यांकडे उशीर मागत फिरतेय मी.


२० ऑगस्ट, बुधवार

नवा कायदा. सगळे आठला झोपणार. मीसुद्धा. भुंग्याचे मोजे झोपतानाच पायात. ठकी म्हणाली, कपडेही घालूनच झोपवूया. घातले.


२१ ऑगस्ट, गुरुवार

पोहोचलो!

मागच्या दारापाशी शिपाई जांभया देत उभा होता. बाई आधीच आल्या होत्या, गळ्याभोवती मफलर, हातात चहाचा पेला. भुंगा माझा हात सोडेना. बाईंनी त्याला ये म्हटलं नाही, की लाडीगोडी लावली नाही. म्हणाल्या, "मला फळा पुसायला कुणीतरी हवंय. माझा हात वर जात नाही हल्ली." तो गेला. गेला तो गेलाच, मागे वळून बघितलंही नाही लबाडानं.

ठकी व्हरांड्यात पायरीवर बसून तिचा अभ्यास करते म्हणाली.

लाँड्रीत मी सगळ्यांच्या आधी. मुकादमबाईनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घड्याळ कानाला लावून बघितलं.

उंच बाई म्हणाली, बरं झालं आलीस. ते कपाटाचं दार काही बोलत नाही गं.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

रोज जातोय. एकही दिवस चुकला नाही. पाऊस होता त्या दिवशीही गेलो, तिघं एका छत्रीत, म्हणजे तिघंही भिजलो. बाई आमच्याहून जास्त भिजलेल्या.

मला कुणी सांगू नये की शिस्त म्हणजे छडी. सकाळी काळोखात उठून निघणं ही शिस्त आहे, आणि ती आम्ही तिघांनी स्वतःची स्वतःला लावून घेतली आहे. कुणाच्या बापाला भिऊन नाही. आम्ही वेगळे होणार नाही म्हणून.

भुंग्याला आता रस्त्यावरच्या पाट्या दिसायला लागल्यात. इतके दिवस नव्हत्या जणू. प्रत्येक पाटीपाशी थांबतो. 'इथे थुं — इथे थुंकू — ' पाटी संपेपर्यंत हलत नाही. आज त्यापायी उशीर होता होता वाचला!


६ सप्टेंबर, शनिवार

दाराची कडी तुटली म्हणून नवी आणायला काकांच्या दुकानात गेले. दुसरीकडून घेतली असती, पण मग तेही ऐकावं लागलं असतं.

दुकानात काकांची मुलगी वजनकाट्याशी बसून खिळे तोलत होती. ती ठकीच्याच वर्गात आहे. म्हणजे पटावर आहे. परीक्षेपुरती जाते. एरवी काकांना दुकानात माणूस लागतं आणि बाहेरच्या माणसावर त्यांचा विश्वास नाही. तिनं कडी कागदात गुंडाळून देताना हळूच विचारलं, ठकीचे किती धडे झाले? मी सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई, एवढे?

काका गल्ल्यावरून बोलले, "दुकानात बसून जे येतं ते शाळेत येत नाही. हिला विचार, कुठला स्क्रू कुठल्या दाराला."

मी म्हटलं, "स्क्रूचं तिला येतंच. शाळेतलंही आलं असतं तर दुकान काही पळून जाणार नव्हतं."

काका म्हणाले, तू तुझं घर सांभाळ. बरोबर आहे, म्हटलं, तेच करतेय. तुम्ही मध्ये येऊ नका म्हणजे झालं.

काकू मागच्या खोलीच्या दारात उभी होती. ती कधीच बोलत नाही. मी निघाले तेव्हा पायरीपर्यंत आली, आणि विचारलं, "किती वाजता निघता गं तुम्ही सकाळी?"

साडेसहा, म्हटलं. ती 'बरं' म्हणून आत गेली. उंबऱ्यापर्यंत आली तेच खूप.


१५ सप्टेंबर, सोमवार

नेमकं आजच!

भुंग्याला पहाटे ताप भरला. खरा ताप. कपाळ तव्यासारखं. आणि हा म्हणतो, मला जायचंय! आज बाई जोडाक्षरं पुढे नेणार आहेत, माझ्यावाचून फळा कोण पुसणार. उठून बूट घालायला लागला. मी बूट काढून कपाटावर ठेवले. ज्या पोराला महिन्यापूर्वी पाय धरून पलंगाखालून ओढत होते, त्याला आज पलंगावर दाबून धरलं.

ठकी एकटी गेली आणि बाईंना निरोप दिला. मी उंच बाईला फोन करून रजा सांगितली.

दुपारी दार वाजलं. काका.

त्यांनी पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "सोमवारचा दिवस आणि पोरगा घरी. तूही घरी. हे असंच चालत असणार रोज."

मी सांगितलं, ताप आहे. हात लावून बघा. त्यांनी लावला नाही. म्हणाले, ताप काय, कारण काय, सापडतंच काहीतरी. आता मला बोलावण्याची वाट बघायची गरज नाही, उद्या मीच शाळेत जाऊन विचारतो.

हात जोडावेसे वाटले क्षणभर. नाही जोडले. म्हटलं, "अवश्य विचारा. पण ताप असलेल्या मुलाला मी पाठवलं नाही, आणि उद्या उतरला नाही तर उद्याही पाठवणार नाही. वेळेवर शाळेत जाणं म्हणजे मरत मरत जाणं नव्हे. आणि शाळेत जाणार असाल तर माझ्यासमोर विचारा."

"मग परवा, बुधवारी सकाळी," ते म्हणाले.

"सातला या. आम्ही तेव्हाच असतो."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.


१६ सप्टेंबर, मंगळवार

ताप उतरला. तरी घरीच ठेवला. दिवसभर पावाच्या पाकिटावरचं बेकरीचं नाव वाचून डोकं खाल्लं त्यानं.

मला जेवण गेलं नाही.


१७ सप्टेंबर, बुधवार

सगळं नीट लिहून ठेवते.

काका सातच्या आधीच मागच्या दाराशी उभे. इस्त्रीचा शर्ट. आम्हाला येताना बघितलं आणि मागोमाग आत आले. वर्गात बाई, मी, काका, भुंगा. ठकी दाराबाहेर, पण कान आत.

काकांनी बाईंना विचारलं, मुलगा रोज येतो का? बाई म्हणाल्या, ऑगस्टच्या एकवीस तारखेपासून रोज, ह्या दोन दिवसांखेरीज, आणि त्यांचा निरोप मला घंटेच्या आधी मिळाला होता. काका म्हणाले, वेळेवर? बाई म्हणाल्या, तुम्ही आत्ता किती वाजता आलात? त्याच वेळेला.

काका म्हणाले, येतो ते ठीक, पण येऊन उपयोग काय होतोय? दाखव रे वाचून.

भुंग्यानं पुस्तक उघडलं. नवा धडा, पाठ नसलेला. बोट ठेवलं आणि सुरू केलं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत 'प्रश्न' आला आणि तो अडकला. प-प-र... परत मागे गेला, परत आला. कान लाल झाले. मी ओठ दाबून बसले होते, शब्द जिभेवर होता माझ्या. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी नाही सांगितला.

काकांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, "महिनाभर पहाटे उठून हे? ह्यापेक्षा माझ्याकडे—"

"प्रश्न," भुंगा म्हणाला.

आणि पुढची ओळ वाचायला लागला. कुणाकडे न बघता. हळूहळू, बैलगाडीसारखा, पण पान संपेपर्यंत.

मी काकांना म्हटलं, "ऑगस्टमध्ये ह्याला अर्धी अक्षरं ओळखू येत नव्हती. तुम्हाला वाटलं तो आळशी आहे. मलाही वाटलं. तो आळशी नव्हता, तो मागे राहिला होता, आणि रोज आल्याशिवाय पुढे येणार नव्हता. तुमच्याकडे नेलात तर तुम्ही त्याला जेवू घालाल, कपडे कराल, मला माहीत आहे. पण दुकानात गिऱ्हाईक वाढलं की म्हणाल, आज एक दिवस राहू दे शाळा. तिथेच माझं भांडण आहे. त्या एका दिवसाशी."

काका म्हणाले, तू मला शिकवतेस?

बाई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात घंटा झाली. आमच्या बोलण्यात साडेसात कधी वाजले, पावणेआठ कधी झाले, मला कळलंच नाही. मुलं आत यायला लागली. आणि भुंगा पुस्तक छातीशी धरून आम्हा मोठ्या माणसांच्या मध्ये उभा राहिला, तोंड वर करून.

"ताई, तुम्ही बाहेर बोला ना," तो म्हणाला. "पहिला तास सुरू झालाय."

आणि गेला, आपल्या बाकावर बसला. पुढून दुसऱ्या.

काका आणि मी व्हरांड्यात आलो. ते बराच वेळ खिडकीतून आत बघत उभे होते. शेवटी म्हणाले, पालक म्हणून तुझं नाव घालायचं तर काय करावं लागतं, विचारून ठेव. एवढंच. बरं नाही, वाईट नाही. जिना उतरून गेले.

ठकी तिच्या वर्गाकडे पळाली. तिलाही उशीर झाला! आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या बाईंनी तिला दाराशी उभं केलं म्हणे. संध्याकाळी सांगताना हसत होती.

मलाही लाँड्रीत उशीर. मुकादमबाईला म्हटलं, काय कापायचं ते कापा, आज मी जिंकलेय.


१८ सप्टेंबर, गुरुवार

मानेत लचक. झोपेत कुणाशी भांडत होते कोण जाणे.

एक गोष्ट सुचतेय सारखी. आम्ही तिघं सुटलो. पण काकांच्या दुकानात ती काट्याशी बसलेलीच आहे. तिच्यासाठी कोण सातला उभं राहणार? मी मध्ये पडायला ती काही माझी नाही. काका म्हणतील, आता माझ्या घरापर्यंत आलीस?

म्हणू देत. रविवारी जाऊन बोलतेच.


२० सप्टेंबर, शनिवार

रविवारची गरज पडली नाही.

सकाळी साडेसहाला आम्ही दार उघडलं तर बाहेर काकू. मागे तिची मुलगी, केस ओले, दप्तर पाठीला. काकूनं मला तिचा हात दिला.

म्हणाली, "हिला घेऊन जा. ह्यांना विचारलेलं नाही. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आजपासून काट्याशी मी बसते."